बियाणे खार सोसेल, पण चर कोण काढणार?

४ मे २०२५ रोजी केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी दिल्लीत भाताचे दोन नवे वाण जाहीर केले. दोन्ही जनुक संपादनाच्या तंत्राने तयार केलेले. त्यातला ‘पुसा डीएसटी राइस १’ हा वाण खारपड जमिनीतही तग धरतो आणि तो ज्या वाणापासून केला त्या एमटीयू १०१० पेक्षा अशा जमिनीत ९.६६ ते ३०.४ टक्क्यांपर्यंत जास्त उतारा देतो, असे सांगण्यात आले. पुढे या आकड्यांवर काही संघटनांनी आक्षेपही घेतले. तो वाद शास्त्रज्ञांनी मिटवावा. आपल्या जिल्ह्यात भात करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तरीसुद्धा ही बातमी पैठणच्या डाव्या कालव्याखालच्या गावांत ज्या उत्सुकतेने वाचली गेली, ती पाहून यावर सविस्तर लिहावे असे वाटले.

“साहेब, उसाचं असलं बेणं आपल्याकडं कवा येतंय?” हा प्रश्न मला एकाच महिन्यात तीन गावांत विचारला गेला. विचारणाऱ्यांपैकी एका काकांचे रान मी पाहून आलो. कालव्यापासून फार लांब नाही. दोन एकरांचा तुकडा, त्यातला खालच्या अंगाचा अर्धा भाग गेलेला. हिवाळ्यात सकाळी तिथे सरीच्या माथ्यावर मीठ भुरभुरल्यासारखा पांढरा थर दिसतो. उसाची उंची कमरेच्या वर जात नाही, पानांची टोके करपलेली, आणि मध्येमध्ये ताटातला घास उचलावा तसे मोकळे डाग. काकांनी बेणे दोनदा बदलले. एका दुकानदाराने ‘खारपड स्पेशल’ म्हणून कसली तरी बाटली दिली, तीही सोडली. आता ते दिल्लीच्या बातमीकडे डोळे लावून बसले आहेत.

त्यांना उत्तर द्यायचे तर आधी पीक खार सोसते म्हणजे नेमके काय करते ते समजून घ्यावे लागेल. विषय थोडा किचकट आहे, पण बेणे, जिप्सम आणि चर यांवरचा खर्च योग्य की अयोग्य हे त्यावरच ठरते. म्हणून जरा नेट धरून वाचावे.

पिकाला पालाश भरपूर लागतो. सोडियम जवळजवळ लागतच नाही. पण पाण्यात विरघळलेले पालाशचे आणि सोडियमचे कण इतके सारखे असतात, की मुळाच्या पेशीच्या पडद्याला पालाशसाठी जी दारे असतात त्यांतून सोडियमही आत शिरतो. थोडा असेपर्यंत बिघडत नाही. जास्त झाला की पेशीच्या आत पालाशची जागा तो अडवतो आणि पेशीची रोजची कामे थांबायला लागतात. पानाचे टोक करपते ते यामुळे, आणि बऱ्याच वेळा आपण त्यालाच रोग समजून औषध मारतो.

खार सोसणारे पीक यावर तीन प्रकारे तोड काढते. पहिला प्रकार म्हणजे मुळाच्या पेशीत शिरलेला सोडियम परत बाहेर मातीत ढकलणे. दुसरा म्हणजे बाहेर काढता आला नाही तर पेशीच्या पोटात एक मोठी पिशवी असते, तिच्यात कोंडून ठेवणे, म्हणजे कामाच्या जागी त्याचा उपद्रव होत नाही. तिसरा प्रकार असा, की मुळातून वर पानाकडे जो रस चढतो त्यातून सोडियम वाटेतच काढून घ्यायचा. पान वाचले तर पीक वाचते.

यातले पहिले काम कसे चालते याचा उलगडा अमेरिकेत ॲरिझोना विद्यापीठात जिआन-कांग झू यांच्या प्रयोगशाळेने १९९० च्या दशकाच्या अखेरीस आणि त्यानंतरच्या काही वर्षांत केला. मोहरीच्या कुळातले अरॅबिडॉप्सिस नावाचे एक वीतभर रोप आहे, त्यावर हे काम झाले. त्यांना असे दिसले, की खार वाढला की पेशीच्या आत कॅल्शियमची पातळी हलते. एक प्रथिन ती खूण ओळखते, दुसऱ्याला जागे करते, आणि ते दुसरे प्रथिन पडद्यातले एक खास दार चालू करते. हे दार रहाटासारखे आहे. रहाटाची एक बादली खाली जाते तेव्हा दुसरी वर येते, तसे हायड्रोजनचा एक कण आत येतो तेव्हा सोडियमचा एक कण बाहेर जातो. पण हायड्रोजनचा कण आत यायचा तर आधी बाहेर त्याची दाटी पाहिजे. ती दाटी करण्यासाठी पेशी हायड्रोजनचे कण सतत बाहेर ढकलत असते, आणि या ढकलण्याला ऊर्जा लागते. तशी ती मोटारच म्हणा, फक्त विजेऐवजी साखरेवर चालणारी. पानाने केलेली साखर मुळात उतरते, तिथे हवेतल्या प्राणवायूच्या मदतीने जाळली जाते, त्यावर ही मोटार चालते.

इथेच आपल्या काळ्या जमिनीचा प्रश्न उभा राहतो. पाणी साचून बसलेल्या जमिनीत मुळांजवळचा प्राणवायू एक-दोन दिवसांत संपतो. प्राणवायू नसला तर त्याच साखरेतून मिळणारी ऊर्जा पंधराव्या-सोळाव्या हिश्शावर येते. मोटार बंद पडते, रहाट थांबतो, आणि मातीतला सोडियम मोकाट आत शिरून थेट पानापर्यंत पोचतो. खार आणि चिबड एकत्र आले की पिकाचे जे नुकसान होते ते दोघांच्या वेगवेगळ्या नुकसानीच्या बेरजेपेक्षा बरेच जास्त असते, हे अनेक देशांतल्या प्रयोगांत दिसले आहे. म्हणजे उद्या खरोखर खार सोसणारे उसाचे बेणे आले आणि काकांनी ते त्याच चिबड तुकड्यात लावले, तर त्या बेण्याचा गुण कामाला येणारच नाही. गुण आहे, पण तो चालवायला मुळाला श्वास हवा.

दुसरी गोष्ट याहून साधी. पीक सोडियम बाहेर टाकते, पण बाहेर म्हणजे कुठे? आपल्याच वावरात. पीक त्याला नष्ट करत नाही. उसाच्या मोळीबरोबर जे क्षार कारखान्यात जातात ते पाण्याबरोबर येणाऱ्या क्षारांच्या मानाने अगदीच किरकोळ. बाकीचे सगळे मातीत राहते, आणि पुढच्या पिकाला आणखी दाट खारात उभे राहावे लागते.

हिशेब करून पाहा. विहिरीच्या पाण्याची विद्युत वाहकता, म्हणजे आपण ज्याला ईसी म्हणतो ती, १ असेल तर एका लिटरमध्ये सुमारे ६४० मिलिग्रॅम क्षार असतात. प्यायला ते पाणी फारसे खारट लागणारही नाही. एका एकराला दहा सेंटिमीटरची एक पाळी दिली म्हणजे चार लाख लिटर पाणी, आणि त्याबरोबर अडीच क्विंटलहून अधिक क्षार. उसाला वर्षात अशा वीस पाळ्या झाल्या तर एकरी पाच टन. कालव्याचे पाणी याहून गोड असते, हे खरे. पण दोन आवर्तनांमध्ये आपण सगळे विहिरीवरच भागवतो, आणि लाभक्षेत्रातल्या विहिरींत पाझरून आलेले पाणी वाटेतले क्षार घेऊन आलेले असते.

जायकवाडीची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी तेव्हाचे पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी धरणाचे लोकार्पण केले. डावा कालवा २०८ किलोमीटरचा, आपल्या जिल्ह्यातून निघून जालना आणि परभणीकडे जाणारा. उजवा १३२ किलोमीटरचा. मूळ आराखड्यात भर होता तो ज्वारी, गहू, कापूस, भुईमूग अशा हंगामी पिकांवर. उसाला जागा होती, पण थोडी. प्रत्यक्षात काय झाले ते कालव्याच्या कडेने एकदा मोटारसायकलवर फिरले तरी दिसते. यात शेतकऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. भाव मिळण्याची खात्री ज्या पिकाला, तिकडेच तो जाणार. मात्र गोदाकाठची जमीन चिकणमातीची. पाणी पिऊन ती फुगते, तिच्यातली छिद्रे बुजतात, आणि खालून पाणी निघून जाण्याचा वेग अत्यंत कमी होतो. अशा जमिनीला बारमाही पाणी दिले की भूजल वर चढते. पृष्ठभागापासून दोन मीटरच्या आत पाणी आले की ती पाणथळ धरावी आणि दोन ते तीन मीटर असेल तर धोक्याच्या रेषेवर, असे केंद्र सरकारच्या कार्यगटाने १९९१ मध्ये ठरवलेले निकष आहेत. पाणी इतके जवळ आले की उन्हाने ते केशाकर्षणाने वर खेचले जाते, पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतो. तोच काकांच्या सरीवरचा पांढरा थर.

हे दुखणे नवे नाही आणि आपल्यापुरतेही नाही. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला. पंचवीस वर्षांच्या आत तिथल्या जमिनी अशा बिघडल्या की पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हाणे यांना १९१० साली नीरा खोऱ्यातल्या खाऱ्या जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका लिहावी लागली. पुढे १९१६ मध्ये मुंबई सरकारने त्यासाठी खास पाटबंधारे विभाग उघडला, आणि क्लॉड इंग्लिस यांच्यासारख्या अभियंत्यांनी चर काढून निचरा करण्याचे प्रयोग तिथे केले. म्हणजे कालवा आला की मागोमाग चर हवा, हे महाराष्ट्राला शंभर वर्षांपासून माहीत आहे. जायकवाडीच्या वेळी ते कोणाला ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही. आपल्या शहरात कांचनवाडीला वाल्मी, म्हणजे जल व भूमी व्यवस्थापन संस्था, १९८० पासून आहे. तिथे पाण्याबरोबर निचरासुद्धा शिकवला जातो. ज्ञान जिल्ह्यातच होते, पण ते चारीच्या शेवटच्या टोकापर्यंत आले नाही.

आता पुन्हा बियाण्याकडे. खार सोसणाऱ्या वाणांचे काम खोटे आहे असे मला अजिबात म्हणायचे नाही. हरियाणात कर्नाल येथे केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्था १९६९ पासून हेच काम करते. तिचे गव्हाचे केआरएल मालिकेतले वाण, भाताचे सीएसआर वाण, मोहरीचे सीएस वाण आणि हरभऱ्याचा ‘करनाल चना १’ हे खाऱ्या रानात पिकतात. केआरएलच्या मुळाशी राजस्थानच्या पाली जिल्ह्यातला खारचिया नावाचा देशी गहू आहे, पिढ्यान्‌पिढ्या खाऱ्या विहिरींवर वाढलेला. ऑस्ट्रेलियात तर आपण ज्याला बन्सी म्हणतो त्या जातीच्या गव्हात एका जुन्या रानटी नातलगाकडून रसातला सोडियम वाटेतच अडवणारे जनुक आणले गेले आणि खाऱ्या शेतात पंचवीस टक्क्यांपर्यंत जास्त उत्पादन मिळाले. ते निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. दिल्लीच्या भातात मात्र वेगळी युक्ती आहे. त्यात पानावरची रंध्रे कमी होतील असा बदल केला आहे, त्यामुळे पीक पाणी कमी उडवते आणि खारे पाणी ओढतेही कमी. सोडियम उपसण्याची मोटार तीच राहते.

उसातही एक वाण आपल्या हाताशी आहे. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राचा को एम ०२६५, म्हणजे फुले २६५, क्षारयुक्त-चोपण जमिनीत इतरांपेक्षा बरा टिकतो म्हणून त्याची शिफारस आहे. काकांनी दुसऱ्या वेळी लावले ते हेच बेणे. पण मुळात ऊस हे पीकच खाराला नाजूक. जमिनीच्या संपृक्त अर्काची ईसी १.७ च्या वर गेली की उसाचा उतारा घटायला लागतो. मक्याचेही तेवढेच. कांद्याला तर १.२ सुद्धा जड जाते. याउलट सोयाबीन ५ पर्यंत, गहू ६ पर्यंत, ज्वारी ६.८ पर्यंत आणि कापूस ७.७ पर्यंत फारसे नुकसान न होता काढतो. म्हणजे ज्या कापूस-ज्वारीच्या रानात आपण ऊस आणला, त्या रानाचे जुने पीकच उसापेक्षा चौपट खार सोसणारे होते. नव्या बियाण्याची वाट पाहण्यापेक्षा बिघडत चाललेल्या तुकड्यात दोन-तीन वर्षे पीक बदलणे हा आज हातात असलेला उपाय आहे. कारखान्याची नोंद रद्द होईल ही भीती मला ठाऊक आहे. सगळ्या रानाची नोंद रद्द करा असे मी म्हणत नाही, गेलेल्या तुकड्याची करा. फक्त एक लक्षात असू द्या. वरच्या आकड्यांत कापूस मोठा झाल्यावरचा आहे. उगवणीच्या वेळी तोही नाजूकच असतो, आणि चिबड त्याला अजिबात खपत नाही.

मोसंबीवाल्यांसाठी वेगळे सांगायला हवे. पैठण, अंबड, घनसावंगी या पट्ट्यात मोसंबीच्या बागा खाऱ्या विहिरींवर तगवल्या जात आहेत. मोसंबीला सोडियमइतकाच, किंबहुना जास्त, मिठातल्या क्लोराइडचा त्रास होतो. इथे गुण कलमात नसतो, खुंटात असतो. रंगपूर लिंबाचा खुंट क्लोराइडला मुळातच अडवतो, तर जंबेरीच्या खुंटावरच्या झाडात तो जास्त वर चढतो. रोपवाटिकेत कलम कुठल्या जातीचे एवढेच विचारून घरी येऊ नका. खुंट कोणता तेही विचारा आणि पावतीवर लिहून घ्या. आणि अशा बागेला पालाश देताना म्युरेट ऑफ पोटॅश टाळून सल्फेट ऑफ पोटॅश वापरा, कारण म्युरेटमधला निम्मा भाग क्लोराइडच असतो.

बियाण्याच्या मागे धावणाऱ्यांना केरळातल्या पोक्काळी भाताचे उदाहरण द्यावेसे वाटते. जगभरचे शास्त्रज्ञ खार सोसण्याचा गुण शोधताना या देशी भाताकडे जातात. पण पोक्काळीचा शेतकरी काय करतो? पावसाळ्याआधी शेतात मातीचे उंचवटे करतो, पहिल्या पावसाने त्यांतला खार धुऊन खाली जाऊ देतो, मग त्या उंचवट्यावर बी टाकतो. खारट पाणी ओहोटीबरोबर बाहेर जाते. इतके काटक बियाणे हाती असूनही तो आधी खार धुतो. आपल्या कोकणातल्या खारजमिनीचेही तसेच. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने खास वाण दिले, तरी बांध आणि उघाडी नीट नसेल तर त्यांचा काही उपयोग होत नाही. त्यांच्याकडे समुद्राची ओहोटी आहे. आपल्याकडे ओहोटी नाही, म्हणून आपल्याला चर काढावा लागतो.

चराआधी जमिनीचा प्रकार ओळखणे मात्र जरुरीचे. यात फार घोळ होतो. सगळ्याच पांढऱ्या रानाला लोक जिप्सम टाकतात. क्षारयुक्त जमीन वेगळी आणि चोपण वेगळी. क्षारयुक्त जमिनीत ईसी ४ च्या वर, सामू ८.५ च्या खाली आणि मातीला चिकटलेला सोडियम पंधरा टक्क्यांपेक्षा कमी. तिला जिप्समची गरजच नाही, नुसते गोड पाण्याने धुणे आणि ते पाणी बाहेर काढणे एवढेच. चोपण जमिनीत सामू ८.५ च्या वर आणि चिकटलेला सोडियम पंधरा टक्क्यांच्या वर. ती ओली असताना साबणासारखी, वाळली की दगडासारखी. तिथे जिप्सम हवे, कारण त्यातला कॅल्शियम मातीच्या कणावरून सोडियमला हुसकावतो. तोच कॅल्शियम मुळाच्या बाहेर राहून सोडियमच्या शिरकावालाही आवर घालतो. मुळाच्या पेशीत खाराची खूण देणारा कॅल्शियमच, हे वर आलेच आहे. दोन्ही दोष एकत्र असतील तर आधी जिप्सम, मग धुणे. क्रम उलटा केला, म्हणजे आधीच गोड पाणी भरून क्षार धुतले, तर चिकणमाती विरघळून छिद्रे बुजतात आणि जमीन होती त्यापेक्षा वाईट होते.

“आपल्या जमिनीत चुनखडी ढिगाने आहे, मग जिप्सम कशाला?” असे काही जण विचारतात. प्रश्न रास्त आहे. चुनखडीत कॅल्शियम आहे, पण ती पाण्यात विरघळत नाही. शेणखत, मळी, ताग-धैंचा गाडणे आणि गंधक यांमुळे आम्ल तयार होऊन ती हळूहळू विरघळते. वेळ लागतो, पण खर्च कमी. जिप्सम लवकर काम करते, आणि ते किती टाकायचे ते माती तपासणीवरूनच ठरवायचे. दोन्ही बाबतींत हुसकावलेला सोडियम पाण्याबरोबर निघून गेला पाहिजे. वाट नसेल तर तो तिथेच घुटमळतो आणि एक-दोन हंगामांत पुन्हा मातीला चिकटतो.

तपासणीबद्दल दोन गोष्टी ग्रामसेवक, तलाठी आणि आमच्याच खात्यातल्या मंडळींनीही ध्यानात घ्याव्यात. मृद आरोग्य पत्रिकेत बारा घटक असतात. त्यांत सामू आहे, ईसी आहे, पण सोडियम नाही. त्यामुळे नुसत्या पत्रिकेवरून जमीन चोपण आहे की नाही ते पक्के सांगता येत नाही. सोडियमची तपासणी प्रयोगशाळेत वेगळी मागावी लागते. शिवाय पत्रिकेसाठी बागायती भागात अडीच हेक्टरला एक नमुना घेतात. काकांचा एकरभराचा गेलेला डाग त्या सरासरीत कुठल्या कुठे विरून जातो. खारपड तुकड्याचा नमुना वेगळा घ्या, आणि वरचा थर व दोन-तीन फुटांखालचा थर असे दोन घ्या. दुसरी गोष्ट ईसीची. वर दिलेला ४ चा आणि पिकांचे सगळे आकडे संपृक्त अर्काचे आहेत. आपल्या बहुतेक प्रयोगशाळा एक भाग माती आणि अडीच भाग पाणी या प्रमाणात ईसी काढतात, आणि त्या पद्धतीत आकडा कित्येक पटींनी लहान येतो. अहवालात १ दिसला म्हणून “चारच्या खाली आहे, चिंता नाही” असे सांगणारे मी पाहिले आहेत. ती मोठी चूक आहे.

प्रयोगशाळा लांब असेल तर चोपणपणाचा अंदाज घरीही घेता येतो. काचेच्या पेल्यात साठवलेले पावसाचे पाणी घ्या, त्यात सुपारीएवढे वाळलेले ढेकूळ अलगद सोडा आणि ढवळू नका. काही तासांनी ढेकूळ नुसते ढासळले आणि पाणी नितळ राहिले तर बरे. ढेकळाभोवती दुधासारखे वलय पसरले तर सोडियम बळावला आहे असे समजा. विहिरीचे पाणी यासाठी वापरू नका, खाऱ्या पाण्यात हे वलय दिसत नाही आणि फसगत होते.

राहिला चर. उघडा चर स्वस्त पडतो, पण जागा खातो आणि दरवर्षी साफ करावा लागतो. जमिनीखाली साधारण एक ते सव्वा मीटरवर जाळी गुंडाळलेले सच्छिद्र पाइप टाकण्याची पद्धत टिकाऊ, पण महाग. काळ्या जमिनीत मोल नांगराने दीड-दोन फुटांवर बीळ पाडण्याचीही पद्धत आहे, तिला खर्च कमी, मात्र काही वर्षांनी पुन्हा करावी लागते. पद्धत कोणतीही असली तरी पाण्याला शेवटी नाल्यापर्यंत पोचायला हवे, आणि काम अडते ते तिथेच. काकांच्या रानातून नाला तीनशे-साडेतीनशे फुटांवर आहे. मध्ये दोन शेजारी. एकाने जुनी नैसर्गिक ओघळ बुजवून ऊस लावला आहे.

हे एका काकांचे नाही. गावोगाव ओघळी बुजल्या, नाल्यांत झाडोरा आणि गाळ भरला, पोटचाऱ्यांची शेपटे कुणाच्या तरी रानात संपतात. २०२४ आणि २०२५ असे सलग दोन पावसाळे नाथसागर भरला. २०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टी झाली, गोदावरीला पूर आला, काठची रानेच्या राने पाण्याखाली राहिली. धरण भरले की आनंद होणारच, २०२३ ची टंचाई आपण विसरलेलो नाही. पण पाणी भरपूर असलेली वर्षे जमीन बिघडण्याचीही वर्षे असतात. आवर्तन वाढवून द्या म्हणून निवेदने जातात, मोर्चे निघतात. नाला साफ करा म्हणून आलेले निवेदन मी तरी फार क्वचित पाहिले. आणि बियाण्याला, औषधाला, ठिबकला अनुदान विचारणारे दहा जण भेटले तर निचऱ्याचे विचारणारा एखादाच. यात आम्हा विस्ताराच्या लोकांचाही वाटा आहे. बियाण्याची पिशवी वाटताना फोटो निघतो, चराचा काय फोटो निघणार?

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात श्री दत्त शेतकरी सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकरी एकत्र आले आणि क्षारपड जमिनीखाली सच्छिद्र पाइपांचे जाळे टाकले गेले. एकेकट्याने केले असते तर पाणी शेजाऱ्याच्या बांधाशी अडले असते. आपल्याकडे २००५ च्या कायद्याखालच्या पाणी वापर संस्था आहेत, काही चालू, काही कागदावर. त्यांनी आवर्तनाच्या बैठकीतच निचऱ्याचा विषय घेतला तर वेगळी संस्था काढायची गरज नाही. पुण्याचे सिंचन संशोधन व विकास संचालनालय लाभक्षेत्रातल्या विहिरींची पाणीपातळी पावसाळ्याआधी व नंतर नोंदवते. आपल्या गावाच्या नोंदी पाटबंधारे शाखेकडे मागाव्यात. गावाच्या खालच्या अंगाला दोन-तीन ठिकाणी दोन मीटरचे गिरमिटाचे भोक पाडून महिन्याला पट्टीने पाणी मोजले तरी कुठे बिघडते आहे ते गावाला स्वतः कळेल.

बुजवलेल्या ओघळीबद्दल कायदा स्पष्ट आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली शेतजमिनीवरील पृष्ठभागाच्या पाण्याचा नैसर्गिक प्रवाह कोणी बेकायदा अडवला असेल तर तो अडथळा काढण्याचा आदेश तहसीलदार देऊ शकतात. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. ही मुदत बहुतेकांना माहीत नसते आणि भांडण बांधावरच दोन वर्षे चालते. जिथे ओघळ कधी नव्हतीच तिथे नवा चर किंवा पाइप शेजाऱ्याच्या रानातून न्यायचा तर हे कलम उपयोगी नाही, तिथे संमतीच घ्यावी लागेल. तलाठी आणि ग्रामसेवक दोघांनी मिळून शिवारफेरी केली आणि जुन्या गाव नकाशावर ओघळी-नाले कुठे होते ते पाहिले, तर निम्म्या तंट्यांचा निकाल अर्जाशिवाय लागेल असे मला वाटते.

काकांच्या पेल्यातले पाणी दुधाळ झाले होते. खालच्या तुकड्याच्या मातीचे दोन नमुने घेऊन प्रयोगशाळेत दिले, सोडियमसह. त्या तुकड्यात ऊस मोडून यंदा धैंचा गाडायला ते तयार आहेत, पुढे ज्वारी घेऊन पाहू म्हणाले. ओघळ बुजवलेल्या शेजाऱ्याकडे आम्ही दोघे गेलो. त्याने ती गेल्या दिवाळीनंतर बुजवली, म्हणजे सहा महिने अजून व्हायचेत. तो म्हणाला, “माझा ऊस तुटून जाऊ द्या, मग बघू.” ऊस तुटायला आणि मुदत संपायला जवळपास एकच वेळ येते, म्हणून काकांनी अर्ज लिहून ठेवला आहे. शेजारी ओघळ मोकळी करायला तयार झाला तर तो फाडायचा, नाही तर तहसीलला द्यायचा.